लॉजमागची पिल्ले उचलण्यापूर्वी

अक्कलकोट आणि तुळजापूरच्या दर्शनासाठी आपण दोन दिवस सोलापुरात उतरला आहात, लॉजच्या मागच्या बोळात मांजरीची तीन पिल्ले दिसली म्हणून त्यांच्यापुढे वाटीभर दूध ठेवले, आणि आता ती पुण्याला सोबत न्यावीत का, असे आपण विचारले आहे. आज तरी ती उचलू नयेत आणि दुधाची वाटीही काढून घ्यावी, असे मला वाटते.

मांजरी पिल्लांना आडोशाला ठेवून अन्नासाठी तासन्‌तास बाहेर असते, आणि माणूस जवळ घुटमळत असेल तर ती लांबूनच पाहत राहते. काही वर्षांपूर्वी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमच्या गल्लीतून एका पाहुण्या कुटुंबाने अशीच पिल्ले दयेपोटी उचलून नेली. त्यांची आई नंतर तीन रात्री त्याच पत्र्याखाली ओरडत फिरत होती. तो आवाज मी विसरू शकलेलो नाही.

आई येते की नाही हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. पिल्लांच्या भोवती, त्यांच्या अंगावर पडणार नाही अशा बेताने, ज्वारीच्या पिठाचे पातळ कडे भुरभुरून ठेवावे आणि तेथून दूर व्हावे. पिठात मोठे पंजे उमटलेले दिसले, पिल्लांची पोटे गोल आणि ती शांत झोपलेली असली, तर आई येऊन पाजून गेली असे समजावे. पीठ रात्रभर तसेच राहिले, पिल्ले सतत ओरडत असली किंवा हाताला गार लागली, तरच ती उचलावीत. अशा वेळी प्रथम फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब द्यावी आणि मग पशुवैद्याकडे न्यावे. गार पडलेल्या पिल्लाला काही पाजू नये, कारण त्याला ते पचत नाही.

गाईम्हशीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातले पाणी फार लवकर संपते. द्यायचेच असेल तर आईला द्यावे: मिठाशिवाय उकडलेल्या कोंबडीचे हाडे काढलेले तुकडे किंवा उकडलेले अंडे. खानावळीतल्या मटणाचा रस्सा किंवा शेंगाचटणी लावलेली भाकरी प्रेमाने पुढे करणारे अनेक पाहुणे मी पाहिले आहेत, परंतु कांदा आणि लसूण यांमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर तिच्यासाठी विषच आहे. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सावलीत ठेवलेले पसरट भांडेभर पाणी खाण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

आपण गेल्यानंतरही टिकेल अशी मदत म्हणजे आईची नसबंदी. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा हेच घडते, त्यामुळे तीन पिल्ले नेल्याने त्या बोळातले काहीच बदलत नाही. अशा बहुतेक बोळांत रोज खाऊ घालणारे कोणीतरी असतेच, मग ती लॉजची झाडलोट करणारी मावशी असो वा शेजारचा चहावाला. त्यांना भेटून पिल्ले दूध सोडल्यावर शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवावे आणि खर्च थेट पशुवैद्याकडे भरावा. एखाद्या मांजरीच्या कानाचे टोक सरळ छाटलेले दिसले तर तिची नसबंदी बहुधा झालेली असते, हेही लक्षात असू द्यावे.

हाताळताना ओरखडा किंवा चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. गावी परतल्यावर पाहू, असे म्हणू नये.

आपली गाडी परवाची आहे. आज रात्री पीठ भुरभुरून ठेवा आणि उजाडल्यावर काय दिसले ते येथे कळवा, म्हणजे पुढचे ठरवता येईल.