डिकीत लपवलेला गणवेश

ताई,
मी ३८ वर्षांची, मूळची कोल्हापूरची, बी.कॉम. न्यू जर्सीत येऊन अकरा वर्षं झाली, मुलं चौथीत आणि पहिलीत आहेत. ग्रीन कार्ड आल्यावर इथल्या काउंटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक कम्युनिटी कॉलेजात, अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी वगैरे विषय केले, सगळ्यांत 'ए' मिळाला, आणि नर्सिंगच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला प्रवेश मिळाला. नवरा म्हणतो, कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं आयटीआय, त्यापेक्षा डेटा अ‍ॅनालिटिक्स कर आणि घरून काम कर. सासूबाईंना मी 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' असं सांगितलंय. त्या मेमध्ये सहा महिन्यांसाठी येणार आहेत. कॉलेजचे स्क्रब्ज, म्हणजे हॉस्पिटलात घालायचा गणवेश, मी गाडीच्या डिकीत ठेवते. नर्सिंगच्या पहिल्याच पेपरात ७१ पडले, पासिंग ७७ ला आहे. आणि गेल्या मंगळवारी क्लिनिकलला (प्रत्यक्ष पेशंटबरोबरच्या सरावाला) एका आजोबांना स्वच्छ करायचं होतं. पाणी कोमट आहे ना ते मनगटावर बघून घेतलं, सगळं नीट केलं, आणि मग पार्किंगमध्ये गाडीत बसून अर्धा तास रडले. मला हे जमणारं नाही का? सोडून देऊ?
— पार्किंगमधली

प्रिय पार्किंगमधली,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, नवरा, सासूबाई आणि मार्क अशा तीन तक्रारी आहेत, एकेकीचा निकाल लावून टाकू. दुसऱ्यांदा वाचताना त्या मनगटापाशी अडखळले. एवढ्या घाईत, इन्स्ट्रक्टर डोक्यावर उभी असताना, अनोळखी माणसाच्या अंगाला लागणारं पाणी तू आधी स्वतःच्या हातावर घेऊन पाहिलंस. आणि वर मला विचारतेस, जमेल का.

रडण्याचं आधी बोलू. माझी मावशी एका जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. वाड्यात सात बिऱ्हाडं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला सहा घरांत बोलावणी जायची, मावशीचं दार मधेच असून गाळलं जायचं. 'तिची ड्यूटी असेल' असं म्हणायचे. पण रात्री दोन वाजता कुणाच्या पोराला दम लागला की त्याच दाराची कडी वाजायची, 'सिस्टर, जरा येता का?' मावशी केसांचा आंबाडा बांधत, उकळलेल्या सुयांचा स्टीलचा डबा घेऊन निघायची. घरी परतल्यावर मात्र आजी तिला अंघोळ केल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू द्यायची नाही. त्यात जंतूंची भीती थोडी होती, बाकीचं दुसरंच होतं. दुसऱ्याचं मलमूत्र कुणी उचलायचं हे आपल्या घरांनी जातीवरून ठरवून टाकलं होतं, आणि ते काम 'आपल्यातली' कुणी करू लागली की घराला ओशाळं वाटायचं. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनानं शंभरेक वर्षांपूर्वी बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, तेव्हाही पुण्यानं नाकं मुरडलीच होती.

तुझं काम त्या मंगळवारी नीट झालं. हात थरथरले नाहीत, मळमळलं असंही तू लिहिलेलं नाहीस. मग गाडीत कोण रडत होतं? मला वाटतं, तुझ्यातली ती आजी. तिला रडू दे. पहिल्या सेमिस्टरला ती बऱ्याच जणींच्या गाडीत येऊन बसते. टेक्ससात पंधरा वर्षं नर्स असलेल्या माझ्या मैत्रिणीला तुझा मजकूर नाव न सांगता वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, 'अर्धाच तास?'

(तुझं क्लिनिकल नर्सिंग होममध्ये असणार असा माझा अंदाज. सासूबाईंना हा शब्द जपून सांग. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं बारा खाटांचं हॉस्पिटल, तिकडे तो वृद्धांचा मुक्काम.)

आता ७१. याची मात्र मला तुझ्या रडण्यापेक्षा जास्त काळजी वाटते. अ‍ॅनाटॉमीत 'ए' आणि इथे ७१, म्हणजे अभ्यास कमी पडलेला नाही, तू अजून अ‍ॅनाटॉमीचाच अभ्यास करते आहेस. आपण पाठांतराच्या शाळेतली माणसं. दोनशे सहा हाडं घडाघडा म्हणू. नर्सिंगचा पेपर वेगळंच विचारतो. चार पेशंट आहेत: एकाला ऑपरेशननंतर दुखतंय, एकीचं जेवण आलंय आणि इन्सुलिन द्यायचं राहिलंय, एक घरी जायला कागदांची वाट बघतोय, आणि दम्याच्या एका बाईंची छातीतली घरघर अचानक थांबली आहे. आधी कुणाकडे जाशील? कामं चारही खरी आहेत, म्हणून चुकीचा पर्याय शोधत बसलीस की बुडालीस. दुखणारा माणूस ओरडतोय म्हणून आपण त्याच्याकडे धावतो. धावायचं असतं दम्याच्या बाईंकडे, कारण घरघर थांबली याचा अर्थ बरं वाटलं असाच होत नाही. आवाज करण्याइतकीसुद्धा हवा आत जात नसेल. श्वासाची वाट, श्वास, रक्ताभिसरण, मग बाकीचं. पुढची एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षाही याच वळणाची असते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास, आणि तुझ्या उत्तरांप्रमाणे कॉम्प्युटर पुढचा प्रश्न सोपा-अवघड करत जातो.

तेव्हा नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं आजपासून बंद. रोज वीस-पंचवीस प्रश्न सोडव, आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक ओळ लिही: मी काय समजले होते, त्यांनी काय विचारलं होतं. 'लागू असतील ते सगळे निवडा' या प्रकारात प्रत्येक पर्याय स्वतंत्र खरं-खोटं म्हणून सोडव. आणि प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळी, पेपर घेऊन जा. आपल्याला वाटतं, ढ मुलंच तिथे जातात. तिकडे हुशार मुलं जातात. पुढच्या दोन पेपरांतही गाडी ७१ वरून हलली नाही तर मला पुन्हा लिही, मग सोडण्याबद्दल बोलू. तोवर तो विषय मिटला.

नवऱ्याचं. त्याला आयटीआय स्वस्तातली गोष्ट वाटते यावर मला बरंच बोलायचं आहे, पण ते त्याच्याशी. तू त्याला एवढं सांग: दोन वर्षांची असोसिएट डिग्री केलेली आणि चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी केलेली, दोघी एकाच एनक्लेक्सला बसतात आणि दोघींना मिळणारं आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्स एकच असतं. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काही आडवाट नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेस अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या मिल्ड्रेड माँटॅग यांनी तो मांडला आणि १९५२ मध्ये तो कॉलेजांमध्ये सुरू झाला. फी तर तुझ्या काउंटीतल्या रहिवाशांना कमीच पडते.

पण त्याची बाजू सगळीच पोकळ नाही, तीही ऐक. नावाला दोन वर्षं, आधीचे विषय धरले तर तीन. मोठी हॉस्पिटलं बीएसएनवालीला आधी बोलावतात, त्यामुळे पहिली नोकरी कदाचित नर्सिंग होम किंवा डायलिसिस सेंटरात मिळेल. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये २०१७ च्या कायद्यानं नव्या आरएनना लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन करायला लावलं आहे. म्हणजे शिक्षण इथे संपत नाही. आरएन झाल्यावर नोकरी करता करता ऑनलाइन बीएसएन होतं, आणि पुष्कळ हॉस्पिटलं त्याच्या फीचा काही भाग उचलतात. हे सगळं एका कागदावर आकड्यांसकट मांड. तो आयटीतला आहे ना? मग तक्ता दाखवलास की पाघळेल.

आणि त्याच्याकडून 'सपोर्ट' मागू नकोस. तो शब्द हवेत विरतो. असं माग: क्लिनिकलच्या दिवशी मी पहाटे साडेपाचला बाहेर पडणार, त्या दिवशी मुलांचे डबे, बस आणि संध्याकाळचा कुकर तुझा. महिनाभर फ्रिजवर लिहून ठेव. डब्यात रोज पीनट बटर सँडविच गेलं तरी तोंड उघडायचं नाही, ही तुझी बाजू.

राहिल्या सासूबाई. मेपासून सहा महिने तू पहाटेच्या अंधारात, पळून जाणाऱ्या मुलीसारखी, डिकीपाशी उभी राहून कपडे बदलणार आहेस का? त्या येण्याआधीच सांग. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर, नवरा शेजारी बसलेला असताना, आणि 'हेल्थकेअर' वगैरे शब्दांच्या पदराआड न जाता: 'आई, मी मॅनेजमेंटचं सांगितलं ते खरं नव्हतं. मी नर्सिंग शिकतेय. नर्स होणार आहे.' पुढे पगार सांगू नकोस, डॉलरनं मन वळवायला जाऊ नकोस. त्या गप्प बसतील. 'एवढं शिकवून हेच का?' असंही म्हणतील कदाचित. म्हणू देत, लगेच उत्तर देऊ नकोस. खोटं बोललीस याचा राग त्यांना येईल, तो मात्र रास्त आहे. माफी माग, पण फक्त त्या खोट्याची.

मग तिकडे आल्या की त्यांचं ब्लड प्रेशर तू घे. विद्यार्थ्यांना सरावाला हात लागतातच. स्टेथोस्कोप कानाला लावला की शेवटचा ठोका विरेपर्यंत गप्प बसायला सांगायचं असतं, तेवढा वेळ घरात शांतताही राहील.

जाता जाता, टेक्ससच्या मैत्रिणीनं तुझ्यासाठी एक निरोप दिलाय. वास सहन होत नसेल तर मास्कच्या आत पुदिन्याच्या टूथपेस्टचं बारीक बोट लावायचं, आणि गाडीत मोज्यांचा जास्तीचा जोड ठेवायचा. डिकीत जागा होईलच, स्क्रब्ज घरात आणलेस की.

तुझी,
ताई