विद्यापीठांनी परामानसशास्त्र विज्ञान म्हणून शिकवावं का?

शिकवावं. परामानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, भविष्य आधीच जाणवणं असल्या दाव्यांचा अभ्यास. आणि हे मी भूतखेत मानतो म्हणून नाही, मानसशास्त्रात एमए केलंय म्हणून सांगतोय.

डिझर्टेशनला मी झेनर कार्ड्सचा विषय मागितला होता. गोल, फुली, लाटा, चौकोन, चांदणी, प्रत्येकी पाच असे 25 पत्ते, एकाने बघायचं आणि दुसऱ्याने न बघता ओळखायचं, नुसत्या अंदाजाने सरासरी 5 बरोबर येतात. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन हे संशोधक हेच करत होते. आमच्या गाइडनी सिनॉप्सिस, म्हणजे विषयाचा आराखडा, उघडलाच नाही, वरचं नाव बघून "असली अंधश्रद्धा इथे नको" म्हणाले आणि परीक्षेचा ताण हा घासून गुळगुळीत झालेला विषय गळ्यात मारला.

मग आम्ही ते हॉस्टेलवरच केलं. कार्डपेपर कापून स्केचपेनने चिन्हं काढली. रूममेटचे सारखे दहाच्या वर यायला लागले, अख्खा मजला गोळा झाला, पोरं त्याला पेपरला काय येणार ते विचारायला लागली. मला काही ते पटेना, एक पत्ता ट्यूबलाइटसमोर उलटा धरला तर फुलीची शाई मागून फिकट दिसत होती. मध्ये कपाटाचं दार आडवं घेतलं आणि पत्ते त्यामागे धरले, तर आकडा लगेच चार-पाच-सहावर आला. ऱ्हाइनच्या सुरुवातीच्या पत्त्यांवरही हाच आक्षेप होता, मागून दिसतात म्हणून. माझा रूममेट लबाडी करत नव्हता हे मी शपथेवर सांगतो, त्यालाच कळत नव्हतं आपण कशावरून ओळखतोय. प्रयोगात कंट्रोल, म्हणजे उत्तर कळायच्या बाकी वाटा बंद करणं, का लागतो हे मला तेव्हा कळलं, वर्गात ती व्याख्या फक्त पाठ केली होती.

अभ्यास केला म्हणजे मान्य केलं असं कुठाय? जयंत नारळीकरांनी 2008मध्ये पुण्यात अंनिसला सोबत घेऊन ज्योतिषाची चाचणी घेतलीच ना. 100 हुशार आणि 100 बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका जमवल्या, 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 तपासून मूल कोणत्या गटातलं ते सांगितलं, सरासरी 46 टक्के बरोबर, म्हणजे छापा-काटा केला असता तरी चाललं असतं. "हे विज्ञान नाही" म्हणून तेही घरी बसले असते तर हा आकडा आज आपल्या हातात असता का? तिकडे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेमनी 2011मध्ये भविष्य आधीच जाणवतं असा पेपर छापला, इतरांनी तेच प्रयोग परत केले तर काही निघालं नाही, आणि मग अख्ख्या मानसशास्त्राला आपल्या पद्धती तपासाव्या लागल्या.

फक्त एक आहे, डिग्री नको आणि वेगळा विभागही नको. 2001मध्ये यूजीसीने ज्योतिर्विज्ञानाचे कोर्स आणले ते नेमकं उलटं होतं, तपासायच्या आधीच पदवी. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून पोरांना वाचायला लावणारे मिडब्रेनचे क्लासवाले विद्यापीठाचं नाव लगेच जाहिरातीत वापरतील, तेही बघावं लागेल.

तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल तर विषय जरूर मागा. गाइड नाही म्हणाले तर कारण सिनॉप्सिसवरच लेखी मागा, खाली सहीसकट. नुसतं "अंधश्रद्धा" लिहून सही करायची वेळ आली की निदान आतली पानं तरी उघडतील.