फ्लेअर फाटतोय? आधी पाइप कसा कापतोस ते बघ

नाशिकच्या सातपूर-अंबडला एसीच्या कामाला नव्याने लागला असशील, तर फ्लेअरिंग टूलला (तांब्याच्या पाइपचं तोंड नटाने जोडण्यासाठी भोंग्यासारखं पसरवतं ते; त्या पसरट तोंडालाच फ्लेअर म्हणतात) दोष देण्याआधी कटर बघ. दर फेऱ्याला कटर थोडाच आवळायचा. घाईने आवळला की पाइप चेपतो आणि आतली कड जाड होते. मग रीमरने (कड साफ करायच्या हत्याराने) बर, म्हणजे कापताना आत वळलेली धारदार कड, काढ, पण पाइपचं तोंड खाली धरून. नाहीतर तांब्याचा कीस आत पडून थेट कॅपिलरीत (गॅसच्या बारीक नळीत) अडकतो. रीमर जास्त फिरवलास तर कड पातळ होऊन फ्लेअर चिरतो.

फ्लेअर करण्याआधी नट पाइपवर चढव. हे विसरलास तर फ्लेअर कापून पुन्हा करावा लागेल.

टूलच्या शंकूला तेलाचा एक थेंब लाव. 45 अंशाचा फ्लेअर नटात सहज सरकायला हवा, पण बैठकीवर (जोडाच्या शंकूसारख्या तोंडावर) पूर्ण टेकायलाही हवा. पाव इंची पाइपच्या नटाला 14 ते 18 न्यूटन-मीटर पुरे. गळती दिसली म्हणून आणखी आवळू नकोस, कड चिरडते; खोलून फ्लेअर नवा कर.

कडक पाइपचं टोक मंद लाल तापवून मऊ केल्याशिवाय फ्लेअर करूच नकोस. स्वेजिंगची (एका पाइपचं तोंड रुंद करून त्यात दुसरा बसवण्याची) खोली साधारण पाइपच्या बाहेरच्या व्यासाइतकी ठेव. ब्रेझिंग (भरण धातू वितळवून सांधा जोडणं) करताना आतून हलका नायट्रोजन सोड, म्हणजे आत काळी पापडी धरत नाही.