वाचक विचारतात : क्योतोच्या रथांची मिरवणूक

प्रश्न : जुलैत मुलाकडे जपानला जाणार आहोत. क्योतोच्या गिओन मात्सुरी या उत्सवातली मिरवणूक पाहायची आहे. आपल्या कामदा एकादशीच्या रथासारखं वाटेत कुठंही उभं राहिलं तर चालेल का? आई ७० वर्षांच्या आहेत.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : उभं राहता येईल, पण खरी मजा कोपऱ्यावर आहे. तारीख तिथीवर ठरत नाही. १७ जुलैला २३ रथ निघतात आणि २४ जुलैला ११. दोन्ही दिवसांचे मार्ग एकमेकांच्या उलट असतात. १७ तारखेला मिरवणूक सकाळी ९ वाजता शिजो-कारासुमाहून निघते, शिजो-कावारामाची आणि कावारामाची-ओइके या दोन चौकांत वळते.

मोठ्या रथांचं वजन १० टनांच्याही पुढे जातं आणि त्यांची चाकं वळत नाहीत. म्हणून चौकात पुढच्या चाकांखाली चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या अंथरतात, त्यांवर पाणी ओततात आणि बाजूनं दोर लावून अख्खा रथ घसरवतात. रथावर पुढच्या बाजूला उभी असलेली माणसं पंखे उंचावून आरोळी देतात, त्यासरशी एकदम ओढ बसते. एका ओढीत काटकोन होत नाही, दोन-तीन वेळा पट्ट्या उचलून पुन्हा मांडाव्या लागतात. पाणी कमी पडलं तर बांबू चाकाला धरून ठेवतो, म्हणून बादल्या हाताशीच असतात. हे पाहायचं तर चौकात किमान दीड तास आधी पोचा.

आईंना मात्र तिथं नेऊ नका. रेटारेटी असते आणि पोलीस थांबू देत नाहीत. त्यांच्यासाठी ओइके रस्त्यावरच्या तिकिटाच्या खुर्च्या आधीच घेऊन ठेवा. त्या खुर्च्यांवर सावली नसते, आणि क्योतोचा जुलै नाशिकच्या मे महिन्यापेक्षा दमट, घाम वाळतच नाही. टोपी, ओला रुमाल आणि मीठ-साखरेचं पाणी सोबत हवं. छत्री उघडू नका, मागच्यांना काहीच दिसत नाही.

प्रश्न : सकाळ चुकली तर संध्याकाळी रथ पाहता येतील? तिथला चिमाकी प्रसाद शाकाहारी असतो का?

उत्तर : मिरवणूक संपताच रथ सुटे करायला घेतात. रथांनी रस्त्यांवरून गोळा केलेली रोगराई पुन्हा पसरू नये, ही त्यामागची श्रद्धा. उत्सवाची सुरुवातच ८६९ साली साथीच्या काळात झाली. त्यामुळे उभे रथ पाहायचे तर १४ ते १६ जुलैच्या संध्याकाळी जा. खिळे न मारता नुसत्या दोरांनी आवळलेला सांगाडा जवळून दिसतो. त्या गाठी जरूर पाहा.

चिमाकी नावाचा खाऊही असतो, पण रथांपाशी मिळणारी चिमाकी खायची नसते. बांबूच्या जातीच्या पानांची ती जुडी असते. वर्षभर दारावर बांधतात, आपल्या तोरणासारखी.