वाचक विचारतात: अनोळखी सोबती, रात्रीची बस आणि दोरावरचा दिवस

शुक्रवारी रात्री बोरिवली, दादर, सायन, ठाणे असे थांबे घेत निघणाऱ्या ग्रुप ट्रिपांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली आहेत. रॅपलिंग (म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं), राफ्टिंग, पॅराग्लायडिंग, आणि सोबत एकमेकांना न ओळखणारे वीसेक जण. दर आणि फोटो पाहून पैसे भरले जातात, पण विचारायला हवं ते बहुतेकदा विचारायचं राहून जातं. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: डिसेंबरात भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीची एका दिवसाची ट्रिप करायची आहे. २० जणांचा गट आहे. साम्रदहून दरीत शिरायचं, रॅपलिंग करत डेहणे गावात उतरायचं आणि रात्री परत. दोन ठिकाणी दर विचारले, एकाकडे ७०० रुपये कमी आहेत. फरक कशाचा असू शकतो? (डोंबिवली)

जेवण आणि गाडीचा फरक शे-दोनशेचा असतो. उरलेला बहुतेकदा दोर आणि माणसांचा असतो, आणि या ट्रिपमध्ये सगळं त्यावरच अवलंबून आहे.

हिशेब मांडून पाहा. पहिला रॅपलिंगचा टप्पा साधारण ४५ फुटांचा आहे. नवख्या माणसाला दोरात अडकवणं, तपासणं, त्याने खाली उतरणं, सुटणं आणि ‘रोप फ्री’ (दोर मोकळा) अशी हाक देणं, यात सहज ८ मिनिटं जातात. २० जणांना एका दोरावर १६० मिनिटं, म्हणजे २ तास ४० मिनिटं लागतात. असे तीन टप्पे धरा. सामान एकच संच असेल तर सगळे उतरल्यावर दोर काढायचा, पुढच्या टप्प्यावर न्यायचा, पुन्हा बांधायचा. नुसत्या उतरण्यालाच ८ तास झाले. सकाळी ११ ला पहिल्या कड्यावर पोचलेला गट संध्याकाळी ७ ला शेवटच्या कड्याखाली येईल. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्या अरुंद घळीत अंधार त्याच्याही आधी होतो. पुढे डेहण्यापर्यंतची मोठाल्या धोंड्यांतली वाट बाकीच असते. पाय मुरगळतात, गुडघे फुटतात ते बहुधा याच वाटेवर, मोबाइलच्या उजेडात.

आता हेच तीन टप्प्यांना तीन स्वतंत्र दोर आणि प्रत्येक टप्प्यावर वर एक, खाली एक जाणकार असं धरा. पहिला माणूस खाली पोचला की लगेच दुसऱ्या टप्प्याकडे जातो, रांग सरकत राहते आणि तेच काम साधारण साडेतीन तासांत होतं. त्यासाठी सहा माणसं लागतात. त्या ७०० रुपयांतले बहुतेक तिथे गेलेले असतात.

तेव्हा फोनवर थेट विचारा: दोर किती नेणार, कड्यावर माणसं किती असणार, पहिल्या कड्यावर किती वाजता पोचणार, आणि किती वाजेपर्यंत पोचलो नाही तर मागे फिरणार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिला टप्पा उतरल्यावर परतीचा रस्ता जवळजवळ बंद होतो. मागे फिरायचा निर्णय घ्यायचा तर त्याच्या आधीच. ज्याच्याकडे ही वेळ ठरलेली नाही त्याच्याबरोबर दरीत उतरू नका. फक्त पाण्याच्या डोहांपर्यंत जाऊन साम्रदला परत येणं हीसुद्धा पूर्ण ट्रिप आहे.

घळीत डोह लागतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांत कमरेच्याही वर पाणी असू शकतं. मोबाइल आणि सुके कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, कारण सॅकचं रेनकव्हर बुडीत पाण्याला उपयोगाचं नाही. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी हवी. परफ्यूम लावू नका आणि घळीत धूर करू नका, कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. तुम्ही दरी उतरत असता तेव्हा गाडी कसारा घाट उतरून आसनगाव, डोळखांबमार्गे डेहण्याला येते. परतीचे कपडे आणि चपला गाडीतच राहू द्या, पण औषधं कधीही गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात या दरीत जायचंच नाही. ती मुळात पाण्याची वाट आहे.

प्रश्न: रात्रभर बस, दिवसभर ट्रेक, पुन्हा रात्री बस. ड्रायव्हर तोच असतो. हे सुरक्षित आहे का? आणि मला घाटात उलट्या होतात. (मुलुंड)

ड्रायव्हरबद्दलची शंका अगदी योग्य आहे. पहाटे ३ ते ५ ही झोप अनावर होण्याची वेळ. जाताना त्याच वेळी घाट किंवा गावाकडचा अरुंद रस्ता लागतो. परतीला तर दिवसभराचा थकवा असतो, कारण उन्हात तापलेल्या गाडीत कोणाला झोप लागत नाही. आयोजकाला विचारा की दिवसा ड्रायव्हरला झोपायला गावात खोली आहे का. चांगले आयोजक जिथे जेवण ठरवतात त्याच घरात त्याची सोय करतात. नाही तर दुसरा ड्रायव्हर हवा. लीडरपैकी एकाने पूर्ण रात्र पुढच्या सीटवर जागं राहायचं, हा नियम असलाच पाहिजे.

गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागून घ्या. पाटी पिवळी हवी, म्हणजे गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नोंदलेली आहे. ‘एम-परिवहन’ ॲपवर नंबर टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. दोन मिनिटांचं काम आहे.

सहा पिकअपवर प्रत्येकी १५ मिनिटं उशीर झाला की दीड तास गेला, आणि तो दीड तास वर सांगितलेल्या हिशेबातून वजा होतो. उशिरा येणाऱ्यासाठी गाडी किती मिनिटं थांबणार हे आधी ठरलेलं असावं. तुम्हीही १५ मिनिटं आधी उभे राहा.

उलट्यांसाठी चाकांच्या मधली किंवा पुढची सीट मागा. मागच्या बाकावर हेलकावे सर्वांत जास्त बसतात. रिकाम्या पोटी बसू नका, पण वडापाव खाऊनही चढू नका. गोळी डॉक्टरांना विचारून, गाडी सुटण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. या गोळ्यांनी बहुतेकांना गुंगी येते. रात्री ते चालेल, पण रॅपलिंगच्या आधी सकाळी पुन्हा घेऊ नका, आणि घेतली असेल तर लीडरला सांगा.

प्रश्न: पोहता येत नाही. कोलाडला राफ्टिंग करता येईल का? (लालबाग)

येईल. कोलाडच्या कुंडलिका नदीचा प्रवाह वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर चालतो, त्यामुळे नदीला ठरावीक वेळच चांगलं पाणी असतं आणि ती वेळ बहुधा सकाळची असते. म्हणून मुंबईहून पहाटे चार-साडेचारला निघावं लागतं. पेण, नागोठण्याच्या वाहतुकीत अडकून उशिरा पोचलेल्या गटाला पाणी ओसरलेलं मिळतं आणि तराफा खडकांवर घासत जातो.

तुमचा जीव लाइफ जॅकेटवर आहे, म्हणून ते स्वतः तपासा. सगळे पट्टे आवळा आणि कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल किंवा मोठं आहे, बदलून मागा. हेल्मेट कपाळावर यायला हवं, मागे कललेलं नको. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात एकदाही सोडायचा नाही. पाण्यात पडून जितके जखमी होतात, त्यापेक्षा शेजाऱ्याच्या मोकळ्या मुठीने दात आणि ओठ फुटण्याचे प्रकार जास्त.

पडलातच तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्याबाहेर दिसतील अशी. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीही करू नका, मग पाणी कमरेइतकंच असलं तरी. पाऊल दोन दगडांत अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे दुमडून डोकं बुडवतं. पोहता येणारेही इथेच फसतात. सूचना गाइड मराठी-हिंदीत समजावतो, पण ऐन प्रवाहात ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘गेट डाउन’ हेच चार शब्द असतात. काठावरच दोनदा सराव करून घ्या.

प्रश्न: धबधब्यातलं रॅपलिंग आणि कोरड्या कड्यावरचं रॅपलिंग यांत खरा फरक काय? मला उंचीची भीती आहे. (बोरिवली)

भीती असणं हा दोष नाही. घाबरलेली माणसं सूचना नीट ऐकतात.

फरक तीन आहेत: आवाज, श्वास आणि वजन. पाण्याच्या गर्जनेत वरची हाक खाली पोचत नाही. म्हणून शिटीचे किंवा हाताचे इशारे उतरण्याआधी ठरायला हवेत. पाण्याखाली आलात की वर पाहू नका. हनुवटी छातीला लावा, हेल्मेटच्या पुढच्या कडेखाली श्वासापुरती जागा मिळते. आणि मुख्य धारेत थांबू नका, पाण्याचा भार खांद्यावर बसतो आणि हात पटकन थकतात.

उतरताना पाय खांद्याइतके फाकवून, पावलं कड्यावर सपाट टेकवून मागे रेलायचं. भीतीने माणूस कड्याला बिलगतो, मग पावलं सटकतात आणि तोंड खडकावर आपटतं. मागे रेलणं धोक्याचं वाटतं, पण पकड त्यानेच येते. ब्रेकचा, म्हणजे दोराचा खालचा भाग धरणारा हात कमरेपाशी खाली ठेवायचा. तो सुटला तर तुम्हाला धरायला दुसरा, स्वतंत्र दोर हवा, जो वरचा माणूस सांभाळतो. नवख्यांसाठी हा दुसरा दोर नसेल तर उतरू नका. लाजायचं कारण नाही.

हार्नेसचा (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचा) कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर, नुसता तळवा आत सरकेल इतका घट्ट हवा. साध्या बकलमध्ये पट्टा परत उलटा ओवून बाहेर बोटभर शेपूट उरलेलं दिसलं पाहिजे, एकदाच ओवलेला पट्टा वजनाने निसटतो. कॅराबिनरचं (हार्नेसला अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक बंद आहे का ते दाबून पाहा.

नेहमी घडणारा अपघात मात्र साधा आहे: केस, सैल टी-शर्ट किंवा ओढणी डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून सरकतो त्या धातूच्या साधनात) ओढली जाते. वजन त्याच दोरावर असल्याने आपलं आपल्याला सोडवता येत नाही आणि माणूस पाण्याखाली लटकून राहतो. केस घट्ट बांधून टी-शर्टच्या आत घाला, टी-शर्ट पँटमध्ये खोचा. आणि प्रशिक्षकाला विचारा: कोणी अडकलं तर मुख्य दोर वरूनच ढिला करून त्याला खाली घेता येईल असा बांधला आहे का? ज्याला काम येतं तो या प्रश्नावर खूश होऊन बांधणी दाखवतो.

पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून पानं-काटक्या येऊ लागल्या, आवाज बदलला, तर वर डोंगरात जोराचा पाऊस झाला आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी लगेच प्रवाहाबाहेर पडा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी वाढलं की काठावर यायला मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

प्रश्न: एकटी मुलगी, ओळखीचं कोणी नाही. काय विचारावं? आणि अनोळखी लोकांत मिसळायचं कसं? (घाटकोपर)

विचारा: लीडरमध्ये बाई आहे का, कपडे बदलायला आणि स्वच्छतागृहासाठी गावातलं कोणतं घर ठरलं आहे, मुक्काम असेल तर तंबूत कोण कोणाबरोबर. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे उत्तर पुरेसं नाही. दोन्ही लीडरचे नंबर, गाडीचा नंबर आणि गावात जिथे जेवण आहे त्या घराचा नंबर घरी देऊन ठेवा. रेंज गेली की गावातला नंबरच उपयोगी पडतो. परत येताना शेवटची लोकल चुकेल असं धरूनच घरी जायची सोय करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. ते नको असेल तर आयोजकाला फक्त सूचनांची वेगळी यादी करायला सांगा.

मिसळण्यासाठी फार काही करावं लागत नाही. गाडीतच जोड्या लावून घ्या, शक्यतो मित्रांना वेगळं करून. जोडीदाराने जोडीदाराचं हार्नेस पाहायचं, पाणी प्यायलं का विचारायचं, मोजणीत तो नसेल तर ओरडायचं. कड्यावर रांगेत तासभर उभं राहिल्यावर, चिक्की वाटून खाल्ल्यावर ओळख आपोआप होते. अंताक्षरीची सक्ती मात्र नको, काहींना झोप हवी असते. दारूला ट्रिपवर अजिबात जागा नाही, आदल्या रात्रीचीही नाही. सकाळी कोरड्या पडलेल्या शरीराने दोरावर जाणं सोबतच्या सगळ्यांना धोक्यात घालतं.

प्रश्न: कामशेतला पॅराग्लायडिंग वाऱ्यामुळे रद्द झालं तर? (दादर)

होतंच. हंगाम ऑक्टोबर ते मेपर्यंत, पण त्यातही वारा उलट्या दिशेने किंवा झोताझोताने आला तर पायलट उडत नाही आणि तेच बरोबर आहे. उड्डाणाचे पैसे ट्रिपच्या पैशांतून वेगळे, उड्डाणानंतर देण्याचे ठरवा. सकाळी आणि संध्याकाळी वारा शांत, दुपारी हिसके जास्त. उडताना एकच लक्षात ठेवा: पायलट सांगेपर्यंत पळत राहा. पाय उचलून लवकर बसणाऱ्यामुळेच सुरुवात फसते.

प्रश्न: मुलाच्या ट्रिपला ‘सर्व जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही मागतात. सही केली की आयोजक मोकळा? (गिरगाव)

नाही. डोंगरात जोखीम असते हे तुम्हाला सांगितलं गेलं, इतकाच त्या सहीचा उपयोग. झिजलेला दोर वापरला, शिकलेला माणूसच नेला नाही, अशा हयगयीची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यासाठी पैसे भरल्याची नोंद, ट्रिपची जाहिरात आणि व्हॉट्सॲपवरची उत्तरं जपून ठेवा.

सहीच्या आधी दोन गोष्टी मागा. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तो नोंदणीचा कागद मागा. दुसरं, अपघात विम्याच्या यादीत मुलाचं नाव आहे का आणि त्या विम्यात रॅपलिंग, राफ्टिंग धरलं आहे का, ते पाहा. प्रवास विमा असं नाव असलेल्या अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

आणि त्याच कागदावर आजारांची माहिती खरी लिहा. दमा, फिट येणं, जुनं निखळलेलं खांद्याचं हाड, मधमाशीची ॲलर्जी. ट्रिप नाकारतील या भीतीने मुलं हे लपवतात. दम्याचा पंप मुलाच्या खिशात एक आणि लीडरकडे एक, असे दोन द्या.