वाचकांचे प्रश्न : गर्भातील अधिवृक्क ग्रंथीचे मार्कर

प्रश्न : शेळीच्या गर्भाच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीवर टायरोसिन हायड्रॉक्सिलेज (टीएच) या एन्झाइमची अँटिबॉडी लावून रंग पाहिला. मधला भाग (मेडुला) रंगलाच, पण कॉर्टेक्समध्येही (बाहेरच्या भागातही) ठिकठिकाणी पेशींचे पुंजके रंगले. अँटिबॉडी भलतीकडे चिकटते आहे का?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी, शरीररचनाशास्त्र, परभणी

उत्तर : घाईने अँटिबॉडी बदलू नका. मेडुलाच्या क्रोमॅफिन (अॅड्रेनालिन, नॉरअॅड्रेनालिन बनवणाऱ्या) पेशी मूळच्या ग्रंथीतल्या नाहीत. त्या न्यूरल क्रेस्ट या भ्रूणातल्या पेशीसमूहापासून निघून बाहेरून आत शिरतात, कॉर्टेक्समधून वाट काढतात आणि मग मध्यभागी जमतात. गर्भावस्थेत त्यांचे पुंजके वाटेत सापडणे हे अपेक्षितच आहे.

खात्री करायची तर एकाच ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या ऊतीचे) 4 मायक्रॉनचे लागोपाठचे सेक्शन (पातळ काप) घ्या. पेशी याहून बरीच मोठी असते, त्यामुळे तोच पुंजका शेजारच्या स्लाइडवरही सापडतो. एकावर टीएच लावा, दुसऱ्यावर एसएफ-1. एसएफ-1 हे कॉर्टेक्सच्या पेशींचे प्रथिन असून ते केंद्रकात दिसते. टीएच पेशीद्रव्यात दिसते. पुंजका टीएचला रंगला आणि त्याची केंद्रके एसएफ-1ला कोरी राहिली, तर त्या क्रोमॅफिन पेशीच समजा. दोन्हींना रंगला, तर मात्र अँटिबॉडीवर संशय घ्या.

तिसऱ्या सेक्शनवर पीएनएमटी (नॉरअॅड्रेनालिनचे अॅड्रेनालिन करणारे एन्झाइम) अवश्य लावा. टीएच हे नॉरअॅड्रेनालिन आणि अॅड्रेनालिन बनवणाऱ्या दोन्ही पेशींत असते, पीएनएमटी फक्त अॅड्रेनालिनच्या पेशींत. मेंढीत कॉर्टेक्सला लागून असलेली मेडुलाची कड पीएनएमटीला रंगते आणि मधल्या बहुतेक पेशी कोऱ्या राहतात. मध्य रिकामा दिसला म्हणून स्टेन फसला असे समजून स्लाइड टाकून देऊ नका.

कत्तलखान्यातून नमुने आणत असाल, तर ग्रंथी लवकरात लवकर 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये टाका. द्रव ऊतीच्या निदान दहापट हवा, आणि मोठ्या गर्भाची ग्रंथी मधून चिरूनच टाका. उशीर झाला की आधी मेडुला बिघडते. वय माहीत नसेल तर डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, तीत 17 मिळवा आणि 2.1 ने गुणा. मेंढी-शेळीसाठी हे दिवसांचे सोपे सूत्र आहे. 10 सेंमी म्हणजे साधारण 57 दिवस. वय न लिहिलेल्या स्लाइडवरच्या निष्कर्षाला अर्थ राहत नाही.

प्रश्न : प्रायमरी (हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी) अँटिबॉडी न घातलेल्या स्लाइडवरही अख्खा कॉर्टेक्स तपकिरी झाला. आम्ही अॅव्हिडिन-बायोटिन किट वापरतो.

उत्तर : पहिला संशय ऊतीतल्या बायोटिनवर : किटमधले अॅव्हिडिन त्यालाही चिकटते. यकृत, मूत्रपिंड आणि अधिवृक्क ग्रंथीत ते भरपूर असते, आणि उष्णतेने अँटिजेन रिट्रिव्हल (फॉर्मेलिनने झाकलेली प्रथिने पुन्हा उघडी करणे) केल्यावर आणखी उघडे पडते. दोष नेमका कुठे आहे ते तीन स्लाइडवर कळते. पहिलीवर फक्त डीएबी (तपकिरी रंग देणारे रसायन) : रंग आला तर ऊतीतले पेरॉक्सिडेज (डीएबीला रंग आणणारे एन्झाइम) शिल्लक आहे. दुसरीवर दोन्ही अँटिबॉडी वगळून किटचा अॅव्हिडिन-बायोटिन-पेरॉक्सिडेज भाग आणि डीएबी : इथे रंग आला तर बायोटिन. तिसरीवर फक्त प्रायमरी वगळा. पहिल्या दोन स्वच्छ असून हीच रंगली, तर दुय्यम (प्रायमरीला चिकटणारी) अँटिबॉडी थेट ऊतीला चिकटते आहे.

पेरॉक्सिडेजसाठी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 10 मिनिटे. गर्भाच्या ग्रंथीत रक्त भरपूर असते, ही पायरी आखडू नका. बायोटिनसाठी आधी अॅव्हिडिन 15 मिनिटे, धुणे, मग बायोटिन 15 मिनिटे. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही. नवीन किट घेणारच असाल तर बायोटिनविरहित पॉलिमर किट घ्या, हा त्रासच उरत नाही. दुय्यम चिकटत असेल, तर ती ज्या प्राण्याची आहे त्याचा नॉर्मल सिरम ब्लॉकिंगला वापरा. आणि डायक्रोमेट असलेल्या फिक्सेटिव्हमधली (ऊती टिकवणाऱ्या द्रावणातली) ऊती डीएबीसाठी नको : क्रोमॅफिन पेशी त्याने आपोआप तपकिरी होतात.

प्रश्न : मेंढीच्या 100 दिवसांच्या गर्भात सीवायपी17 (कॉर्टिसॉल बनवायला लागणारे एन्झाइम) चा पट्टा वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) जेमतेम दिसतो. 60 दिवसांच्या गर्भात तो चांगला होता.

उत्तर : हे मेंढीचेच वैशिष्ट्य आहे. साधारण 147 दिवसांच्या गर्भकाळात हे एन्झाइम सुरुवातीला असते, सुमारे 90 ते 120 दिवसांत फार घटते आणि शेवटच्या आठवड्यांत पुन्हा वाढते. त्याच वाढीबरोबर गर्भाचे कॉर्टिसॉल चढते आणि प्रसूती सुरू होते. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी 1960 च्या दशकात दाखवले की गर्भाची पिट्युटरी (मेंदूच्या तळाची ग्रंथी) नष्ट केली तर मेंढीची प्रसूती लांबते, आणि गर्भाला एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) दिले तर ती वेळेआधी होते. त्यामुळे 100 दिवसांचा फिका पट्टा हाच तुमचा निष्कर्ष असू शकतो. तो सिद्ध करायला त्याच जेलवर प्रौढ मेंढीच्या ग्रंथीचा नमुना चालवा. सुमारे 57 किलोडाल्टनला ठळक पट्टा आला की अँटिबॉडी निर्दोष. उंदराची ग्रंथी इथे कंट्रोल म्हणून चालणार नाही, प्रौढ उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत सीवायपी17 नसतेच.

प्रश्न : ग्लोमेरुलोसा (कॉर्टेक्सचा सर्वांत बाहेरचा) थर ओळखायला सीवायपी11बी2 (अल्डोस्टेरॉन बनवणारे एन्झाइम) ची अँटिबॉडी मागवावी का?

उत्तर : माणूस किंवा उंदीर असेल तर मागवा. गाय-मेंढीत अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल या दोन्हींची शेवटची पायरी एकच सीवायपी11बी करते, त्यामुळे थर वेगळे पडणार नाहीत. तिथे सीवायपी17 लावा : ग्लोमेरुलोसा कोरा राहतो, त्याच्या आतला फॅसिक्युलाटा थर रंगतो. मात्र वर सांगितलेल्या मधल्या दिवसांतला गर्भ यासाठी निवडू नका.