हात चालू आहे का?

अनेक आशीर्वाद.

ज्यांच्याकडे तुला पखवाज शिकायचाय ते बुवा लातूरच्या गंजगोलाईत, बाजारात, मेथीची जुडी निवडताना दिसले आणि तू पाया न पडताच मागं फिरलास. फोटो काढायला हवा होता का, म्हणून विचारतोस. फोटोचं राहू दे. त्या दिवशी सकाळी पखवाजावर हात ठेवला होतास का, तेवढं सांग.

माझ्या बुवांचं सांगतो. किल्लारीच्या भूकंपानंतरचं वर्ष, १९९४. अंबाजोगाईच्या स्टँडसमोर एका खानावळीत मी परळीच्या गाडीची वाट बघत चहा घेत होतो. धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ पोळ्या लाटणाऱ्या बाईंना म्हणाले, "माय, मूठभर कणीक देता का?" बाईंनी दिली. त्यांनी ती तळहातावर घेतली, पाण्याचं बोट लावलं, अंगठ्यानं दाबून दाबून मळली. चेहरा मी विसरलो होतो, अंगठा ओळखला. नऊ वर्षांचा असताना गावच्या सप्ताहात सातही रात्री त्या अंगठ्यासमोर मांडी घालून बसलो होतो. धुम्यावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, कणीक चढली की त्यांचा पखवाज माझ्या छातीत घुमायचा.

पाया पडलो. म्हणालो, बुवा, तुमचं ऐकून मी पखवाज धरला. त्यांनी एवढंच विचारलं, "हात चालू आहे का?"

मी "हो" म्हणालो.

सहा वर्षं पखवाज माळ्यावर पडला होता, वाद्या सैल झालेल्या. बुवांनी माझा उजवा हात धरला, बोटं चाचपली आणि काही न बोलता सोडला. कणीक ओल्या फडक्यात गुंडाळली आणि केजच्या गाडीत चढले. पुन्हा भेट नाही.

आपल्या आपेगावच्या पखवाजवादक शंकरबापूंना १९८६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी गावभर छाती काढून फिरलो होतो. पुढच्या दोनच वर्षांत रियाज सोडला. कारणं होती रे. पाळीची नोकरी, आईचं दुखणं, भाड्याची खोली. पहाटे वाजवलं की शेजारी भिंत ठोकायचे. माझ्या जागी कोणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मांडीवर बोटांनी चौताल धरायला कोण आडवं आलं होतं? बाराच तर मात्रा. धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन. एसटीतसुद्धा होतं.

खानावळीत बुवा भेटले त्या रात्री पखवाज खाली काढला. तेव्हापासून पहाटेचा ठेका चुकलेला नाही, तापातही नाही. घरचे हेकट म्हणतात. म्हणू देत.

म्हणून तुझी ती "त्यांनी मला शिष्य केलं तर" ही भाषा ऐकून जीव चिडतो. आधी हात चालू ठेव. परण नको, तिहाई नको, कसलेच बांधलेले तुकडे नकोत, समोर मोबाईल लावून रेकॉर्डिंग तर नकोच. तीन महिने नुसता ठेका. कंटाळा आला तरी हात चालू ठेव. बुवा मेथी घेत होते म्हणून तुला कसंसंच झालं, असं लिहिलंस. अरे, त्याच हातानं ते रात्री वाजवतात. तुझ्या हाताचं बोल.

कार्तिकी एकादशीला माझ्याकडे ये. पखवाज माझा घे. कणीक मात्र घरून स्वतः मळून आण, ओल्या फडक्यात.